सासूला न दिसणारा रंग

जळगाव,
रविवार, दुकान बंद

प्रिय मित्र प्रेमराज यास,

नेमीचंदचा जय जिनेंद्र, आणि तेवढ्याने तुझं भागत नसेल तर वर एक राम राम. तुझा डावा गुडघा कसा आहे? देवपूरच्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्या घेतोस, की जन्मभर कॉलेजात केमिस्ट्री शिकवल्याच्या तोऱ्यात बाटलीवरचे घटक वाचत बसतोस आणि गोळी तशीच राहते? कुंदावहिनींना नमस्कार सांग. परवा त्यांनी आमच्या सुनेला, हर्षिताला, फोनवर सांगितलं म्हणे, की आमच्या दुकानातून तू नेलेलं जुनं सागवानी स्टूल तुमच्या गच्चीत तुळशीच्या कुंडीखाली फार शोभतंय आणि सवड मिळाली की त्याला हिरवा ऑइलपेंट द्यायचा आहे. छान झालं. आमच्याकडे त्याची अडगळच होती.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. क्षेम अजिबात नाही. फोन करायचा सोडून मी पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. त्याला कारणं आहेत. एक म्हणजे मला कमी ऐकू येतं, त्यामुळे मी फोनवर मोठ्याने बोलतो आणि माझं खासगी बोलणं कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांनासुद्धा पाठ होतं. दुसरं म्हणजे खुद्द फोनच ऐकतो. मागच्या आठवड्यात मी फोन खिशात असताना नुसता 'किडा' म्हणालो, तर दोन दिवस मला झुरळं मारणाऱ्यांच्या जाहिराती येत होत्या. (आम्ही जैन माणसं! ज्याने पाठवल्या त्याला एवढंही कळू नये?) पत्राला कान नसतात. शिवाय सौ. चाळीसगावला मुलीच्या बाळंतपणासाठी गेली आहे, त्यामुळे घरात माझ्या बाजूचं कुणी नाही.

तर मुद्दा असा, की आमच्या बाईने घरचं जेवण सोडलं आहे. बाई म्हणजे माझी आई, सुगनबाई. आमच्या घरात आईला बाई म्हणतात हे तुला अमळनेरच्या कॉलेजात पहिल्यांदा कळलं तेव्हा 'कोणती बाई, कुठली बाई' करून तू मला आठवडाभर छळलं होतंस, ते मी विसरलेलो नाही. वय एक्याऐंशी. तिने अन्न सोडलेलं नाही, हे नीट वाच. उपास असता तर मी मान वर करून आमच्या जैन स्थानकात, साधूंसमोर, सांगितलं असतं. चातुर्मास चालू आहे, चार लोकांनी हात जोडले असते. तिने फक्त आमचं अन्न सोडलं आहे. सकाळी साडेदहाला आणि संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत ती काठी टेकत समोरच्या मोहिनीबाईंकडे जाते, तिथे जेवते, आणि साऱ्या गल्लीच्या देखत परत येते. दोन्ही वेळा ओसरीवर बसलेल्या बायका आधी तिच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे. मोहिनीबाईंकडे ती एक फुलका खाते, फार तर दीड. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या आहेत. (आजचा दिवस कितवा ते मी लिहीत नाही, आकडा चांगला नाही.)

कारण विचारलं तर पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुझं तूच शोध." त्यानंतर माझ्याशी अवाक्षर नाही. म्हणून मी शोधायला घेतलं. ज्या सोमवारनंतर हे सुरू झालं, त्या दिवशी काय काय घडलं ते क्रमाने सांगतो, कारण तू मास्तर आहेस. सकाळी दुकानाचं नवीन काउंटर बसवून झालं. आमच्या अर्पितने आणि हर्षिताने पुण्याहून तो स्क्रीन आणला: भला मोठा, आरशासारखा, समोर कुणी उभी राहिली की तिचा चेहरा पकडतो, आणि ती बोट लावील तो रंग तिच्या ओठांवर उमटवून दाखवतो. काही लावायला नको, पुसायला नको, जागा कमी लागते. दुपारी तू पुतण्याच्या गाडीतून आलास, चहा प्यालास, फरसाणात कांदा नाही म्हणून नेहमीसारखं तोंड केलंस आणि जुनं स्टूल गाडीत टाकून धुळ्याला गेलास. संध्याकाळी नात जिनल हिने घरात सगळ्यांना बसवून तिचं कॉलेजातलं सेमिनार वाचून दाखवलं. मंगळवारी सकाळी बाई मोहिनीबाईंकडे गेली. आता सांग, या सगळ्यात संशय घेण्यासारखं काय आहे? अर्थातच सेमिनार.

कारण त्या सेमिनारचा विषय होता लिपस्टिक आणि मेकअप यांचा इतिहास. मला वाटलं, दुकानदाराची नात, घरचाच विषय, वाच बेटा. पोरीने पाच हजार वर्षं मागून सुरुवात केली. कुठल्याशा वाळवंटातल्या राण्या म्हणे रत्नं कुटून ती भुकटी ओठांना लावायच्या. (मी लगेच विचारलं, कुटणारा कोण होता आणि रत्नं पुरी परत द्यायचा का? जिनल म्हणाली, पुस्तकात तसं दिलेलं नाही. तेव्हाच मला त्या पुस्तकाचा संशय आला.) मिसर देशात लाल माती आणि किडे चिरडून रंग करायचे. विलायतेत एक राणी तोंडाला शिसं फासायची, पुढे तिथल्याच लोकांना ओठ रंगवणारी बाई चेटकीण वाटायला लागली. मग पॅरिसमध्ये कुणीतरी रेशमी कागदात गुंडाळलेली कांडी काढली. त्यात काय होतं? मधमाशीचं मेण, एरंडेल आणि हरणाची चरबी. चरबी हा शब्द आला तशी हर्षिताने स्वयंपाकघरात जाऊन उगाचच मिक्सर लावला, पण जिनल थांबते कसली, तिने आवाज चढवला. आणि तो लाल रंग, ती ओरडून म्हणाली, अजूनही काही लिपस्टिकांत निवडुंगावरच्या किड्यांपासूनच येतो. नेमका तेवढ्यात मिक्सर बंद झाला. मी बाईकडे पाहिलं. बाई भिंतीकडे बघत होती.

बस्, मला कळायचं ते कळलं. जिने आयुष्यात कांद्या-बटाट्याला हात लावला नाही, पावसाळ्यात हिरवी भाजी सोडली, पाणी तीनदा गाळलं, त्या बाईच्या घरातली चूल किड्यांच्या रंगावर पेटते! आणि नुसती पेटते नाही, ती तिनेच पेटवलेली. तुला दुकानाची जुनी कथा माहीत आहे, पण रागावलेला माणूस सगळं पहिल्यापासून सांगतो, ऐक. माझ्या वडिलांनी सायकलला पत्र्याची पेटी बांधून धरणगाव, पारोळा, चोपडा असे बाजार केले. पेटीत कुंकू, काजळाच्या डब्या, रिबिनी, फण्या, पावडर आणि स्नो. मग जळगावात हे कटलरीचं दुकान टाकलं आणि एक दिवस मुंबईहून लिपस्टिक आली. घेणाऱ्या बायका होत्या, मागणाऱ्या नव्हत्या. शनिवारच्या बाजाराला खेड्यातून सासूबरोबर यायच्या, सासू चाळणी बघायला पुढे गेली की पदर दातात धरून कुजबुजायच्या, 'व्हटले लावानी कांडी शे का?' आणि माझे वडील, देवमाणूस, परक्या बाईच्या तोंडून ओठ हा शब्द ऐकला की त्यांचे कान लाल व्हायचे. ते खाली मान घालून मेणबत्तीचा पुडा काढून द्यायचे.

मग त्यांनी काउंटरच्या कोपऱ्यात, पडद्याआड, एक सागवानी स्टूल ठेवलं आणि दर शनिवारी बाईला त्यावर बसवलं. बाई डाव्या हाताच्या पाठीवर रेघा ओढायची. कंपनीने इंग्रजीत काय नावं दिली होती ते तिला वाचता येत नव्हतं, तिने आपली नावं ठेवली: पान खाल्लेला, विटकरी, जांभळाचा डाग, वरातीतला. आणि एक, सासूला न दिसणारा. हा ओठाच्याच जातीचा रंग. लावला की बाई तरतरीत दिसते, आणि का दिसते ते कुणाला सांगता येत नाही. सगळ्यांत जास्त तोच खपायचा. (अजून खपतो. कंपनीने त्याचं नाव तीनदा बदललं, आम्ही नाही.) कोणत्या घरात काय खपेल, कुणाची सासू किती जवळून बघते, हे बाई दोन प्रश्नांत ओळखायची. पन्नास वर्षं तिचा हात हेच आमच्या दुकानाचं शेडकार्ड. बोट कुठे पुसायची देव जाणे, पण तिच्या पदराला कधी डाग दिसला नाही. ज्या डाव्या हातावर किड्यांच्या रेघा ओढल्या, त्याच हातात आता माळ धरायची, हे तिला लागलं असणार, असं मी धरून चाललो.

मग मी दुकानातली एकेक लिपस्टिक भिंगाखाली घेतली. प्रेमराज, तू आयुष्यभर ज्या आकड्यांवर पोरांना नापास केलंस, ते आकडे हे लोक ओठांना लावायच्या वस्तूवर छापतात. एका डबीवर पंच्याहत्तर हजार चारशे सत्तर असा नंबर दिसला. मला वाटलं रेल्वेगाडीचा असावा. अर्पितने मोबाइलमध्ये पाहिलं आणि तोंड पाडून म्हणाला, पप्पा, हाच तो किडा. किड्यालासुद्धा नंबर असतो हे मला नव्याने कळलं. काही डब्यांवर तो आहे, बऱ्याच डब्यांवर नाही, आणि काहींवर अक्षरं इतकी बारीक की तीच मला मुंग्यांसारखी दिसायला लागली. मी तीन खोकी केली: दोषी, निर्दोष आणि संशयित. तिसरं खोकं सगळ्यांत लवकर भरलं. कंपनीचा माणूस अखिल येतो, त्याला धारेवर धरलं, तर म्हणतो, काका काळजी करू नका, माल शंभर टक्के नॅचरल. अरे, किडा काय प्लास्टिकचा असतो? किडासुद्धा नॅचरलच. तेव्हापासून 'नॅचरल' लिहिलेलं सगळं मी थेट दोषींत टाकतो. आणि अळत्याचा लाल रंगही पूर्वी लाखेपासून व्हायचा नि लाख म्हणजे पुन्हा किडाच, असंही या शोधात कळलं. बाईच्या लग्नातला लाखेचा चुडा अजून पेटीत जपून ठेवलेला आहे. हे मी घरात बोललेलो नाही. तूही कुठे बोलू नकोस.

संशयित खोक्याचा निकाल लावायला मी एक प्रयोग केला. हसू नकोस. गच्चीच्या कठड्यावर प्रत्येक लिपस्टिकची एकेक रेघ ओढली आणि वाट बघत बसलो. माझा हिशेब असा, की ज्या रेघेत जीव मेला असेल तिला मुंगी ओळखेल आणि बाजूने जाईल. (तू वर्गात मुंग्यांबद्दल असंच काहीतरी सांगितलं होतंस. नसेल तर मग कुणी सांगितलं?) मुंग्या आल्या, रांगेने आल्या, आणि मला घाम फुटला, कारण एखादी त्या मेणात चिकटून मेली तर तिचं पाप कुणाच्या माथी? म्हणून मी पुंजणी, आमची ती मऊ झाडणी, घेऊन भर उन्हात अडीच तास मुंग्यांना हळूच बाजूला करत बसलो. माझ्याच प्रयोगाच्या मी आड आलो. खाली रस्त्यावरून आमचा समोरचा कटलरीवाला मोतीलाल बघत होता. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी, की नेमीचंदशेठ गच्चीत रंगपंचमी खेळतात आणि आई शेजारी जेवते.

मोतीलालचा मला पहिल्यापासून संशय आहे. दोन शनिवार झाले, खेड्यातल्या बायका दुकानात येतात, त्या स्क्रीनसमोर उभ्या राहतात, आणि भिंतीएवढ्या पडद्यावर स्वतःचं तोंड लालभडक ओठांसकट, मागच्या गिऱ्हाइकांच्या देखत दिसलं की पदर ओढून मागे सरतात. मग विचारतात काय, तर 'ती हातवाली अक्का कोठे शे?' एक नाही, दोन नाही, काल तर नऊ जणींनी विचारलं. अक्का नाही म्हटलं की निघून जातात. आता हे त्यांना कुणी शिकवून पाठवल्याशिवाय होतं का? उघड आहे, मोतीलालने माझी खोड काढायला पाठवल्या. आमची काउंटरवरची मुलगी ज्योती मला म्हणाली, काका, त्यांना खरंच आजीच पाहिजेत. मला तिचाही संशय आला. रोज स्क्रीन पुसायचा तिला कंटाळा येतो, हे मी पाहून ठेवलं आहे.

काल शेवटचा उपाय केला. किड्याच्या रंगाने कुणाकुणाला खाज सुटते असं वाचलं होतं, म्हणून संशयितांतल्या सात लिपस्टिका घेतल्या आणि माझ्याच डाव्या हाताच्या पाठीवर सात रेघा ओढल्या. खाज सुटली नाही. (एकदा सुटली, पण तो डास होता.) तसाच हात घेऊन अकराच्या सुमारास घरी गेलो, तेव्हा बाई मोहिनीबाईंकडून परत येत होती. दारातच गाठ पडली. तिची नजर माझ्या हातावर गेली. मी हात मागे लपवला, लहानपणी लपवायचो तसा. तिने काठी भिंतीला टेकवली, माझा हात ओढून घेतला, उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ती इतकंच म्हणाली, "तिसरी रेघ फार दाबून ओढलीस. मनगटाकडून बोटाकडे ओढायची, आणि हलकी." मग अंगठ्याने ती रेघ अर्धी पसरवून दाखवली, असा खरा रंग कळतो म्हणाली, आणि आत गेली.

इतक्या दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली, आणि बोलली ते लिपस्टिकबद्दल. जिला त्या रंगाचं पाप वाटतं तिने त्याला अंगठा का लावावा? मला रात्रभर काही सुचलं नाही. नक्की माझ्याविरुद्ध घरात काहीतरी शिजतंय. म्हणून तुला हात जोडून विनंती: या त्याच सात लिपस्टिका पत्राबरोबर पाठवतो. तुझी काचेची भांडी, ॲसिडं, जे काय असेल ते काढ, त्यांत जीव आहे की नाही ते तपास, आणि 'निवृत्त प्राध्यापक' छापलेल्या तुझ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे. निर्दोष निघाल्या तर मी तो कागद बाईला वाचून दाखवीन. दोषी निघाल्या तर सगळा तसला माल परत करीन, पण ती पुन्हा माझ्या ताटाशेजारी बसून जेवली पाहिजे. घरात मी एकटा जेवायला बसलो की घास फिरतो रे. तू तर भाग्यवान. 'आमच्या घरात लिपस्टिक कधी शिरलीच नाही' असं तू चारचौघांत छाती पुढे काढून सांगतोस, त्याची किंमत मला आता कळली.

वहिनींना पुन्हा नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
नेमीचंद

ता. क. : पाकीट बंद करायच्या आधी शुद्धलेखन बघायला म्हणून पत्र जिनलला दिलं. तिने शुद्धलेखन बघितलं नाही. त्या सोमवारच्या क्रमात 'दुपारी' जिथे लिहिलंय, त्या ओळीखाली तिने पेनाने रेघ ओढली (तुला दिसेलच) आणि म्हणाली, दादाजी, एवढंच पुन्हा वाचा. मी वाचलं. प्रेमराज, तू संकोचाने विचारलं होतंस, की स्टूल खरंच नेऊ का? तेव्हा मी काय म्हणालो ते तुला आठवतं. ने रे बाबा, भंगार आहे, आता त्यावर बसायचंय कुणाला. बाई आत झोपली असेल असं मी धरलं होतं. ती दुकानातून घरात जाणाऱ्या मधल्या दारात उभी होती. जिनलने पाहिलं होतं. मी सोडून घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि बाईने सगळ्यांना दम दिला होता, की त्याचं त्याला शोधू द्या.

मी तसाच समोर मोहिनीबाईंकडे गेलो आणि त्यांच्या ओसरीवर बाईच्या पायाशी जाऊन बसलो. गल्लीतल्या बायका बघत होत्या, बघू देत. मला लाज वाटत होती, ती त्यांची नव्हे. बाईने विचारलं, "सापडलं?" मी मान हलवली. किड्यांचं काय, म्हणून विचारलं, तर म्हणाली, ते तुझ्या वडिलांनी मला कधीच सांगितलं होतं, दर संवत्सरीला मी त्यांची क्षमा मागते. यापुढे ज्यात किडा नाही तेवढ्याच रेघा ओढीन. कोणत्या ते तू सांग, भिंग घेऊन बसलाच आहेस. स्क्रीनही राहू दे म्हणाली. तो तोंड दाखवतो, चांगलंच आहे, पण सासू कशी आहे ते तो विचारत नाही. तेव्हा प्रेमराज, तू तपासणी राहू दे. मला ते स्टूल परत पाठव. शनिवारच्या आत पाठव, एस.टी.ने पाठव, पुतण्याच्या गाडीने पाठव, कसंही पाठव. बाई शनिवारी आधी दुकानात बसणार आहे आणि मग घरी जेवणार आहे. त्याआधी नाही, असं तिने स्पष्ट सांगितलंय.

ता. क. २ : हिरवा ऑइलपेंट दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर आधी मला एकट्याला कळव. आणि स्टूल उलटं करून खालची बाजू बघ. बाई बोट तिथे पुसायची, हे तिनेच आत्ता सांगितलं. पहिली आलेली लिपस्टिक, मग विटकरी, जांभळाचा डाग, वरातीतला, पुढच्या चमकणाऱ्या, न पुसल्या जाणाऱ्या, पन्नास वर्षांत दुकानात आलेली प्रत्येक कांडी तिथे थरावर थर बसली आहे. जिनल म्हणते, दादाजी, माझं सेमिनार तिथेच लिहिलेलं होतं आणि तुम्ही ते कुंडीखाली पाठवलंत.

ता. क. ३ : बाई शेजारी येऊन बसली आहे आणि एक निरोप माझ्याच अक्षरात लिहायला सांगते आहे. प्रेमराज, स्टूल घेऊन तूच ये, आणि कुंदाला बरोबर आण. त्या सात लिपस्टिकांपैकी चौथी तिला दे, ती ओळखेल. तिचं माहेर इथलंच, लग्नाआधीच्या शनिवारी ती माझ्यासमोर उभी होती आणि मी तिच्यासाठी रेघ ओढली होती. तेव्हापासून दर दिवाळीला माहेरी आली की तोच रंग नेते, पस्तीस वर्षं झाली. तिला म्हणावं, नाव खोटं ठरलं नाही. तिच्या सासूला तर शेवटपर्यंत दिसला नाहीच, आणि नवरा केमिस्ट्रीचा असूनही त्यालाही नाही.